मुलगी रस्त्यावरची कुत्री उचलून आणते, हे तिला कुठून आलं?

प्रश्न सांगलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगी सव्वीस वर्षांची, पुण्यात हिंजवडीला आयटीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. जखमी कुत्री-मांजरं दवाखान्यात नेणं, बरी करणं, पिल्लांना घरं शोधून देणं हे तिचं चाललेलं असतं. पगाराचा बराच भाग त्यात जातो. स्थळं आली की बोलणी "कुत्र्यांचं काय करणार" इथे अडतात. वडील विचारतात: आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी कुत्रं पाळलं नाही, मग हे तिला कुठून आलं? मनाचा काही आजार आहे का? थांबवावं का?

नमस्कार. मी पशुवैद्य आहे. सकाळी नसबंदी केंद्रात शस्त्रक्रिया आणि दुपारनंतर ओपीडी, असा माझा दिवस जातो. तुमच्या मुलीसारखी मुलं-मुली रोज माझ्या टेबलापलीकडे उभी असतात. आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते: नाही, हा आजार नाही. आजाराकडे जाणारी एक वाट इथून फुटते, तिच्याबद्दल पुढे सांगते, पण तुम्ही लिहिलंय त्यात ती दिसत नाही. ती पिल्लांना घरं शोधून देते, म्हणजे तिला सोडून देता येतं. मी सगळ्यात आधी हेच बघते.

आता, कुठून आलं. सगळ्यांना वाटतं की मुळात प्राण्यांचं वेड असतं म्हणून माणूस यात पडतो. मी बघितलेल्यांपैकी बहुतेकांची सुरुवात वेडाने झालेली नाही, अडचणीने झाली आहे. ऑफिसला निघायची घाई असते, सोसायटीच्या गेटपाशी गाडीने उडवलेलं कुत्रं पडलेलं असतं, चार जण बघून पुढे गेलेले असतात आणि हा पाचवा थांबतो. का थांबला ते त्याला धड सांगताही येत नाही. कुत्र्यांना घाबरणारी माणसं ओढणीत गुंडाळलेलं कुत्रं घेऊन रिक्षाने आलेली मी पाहिली आहेत. दार उघडल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, हे माझं नाही हं." प्रेम-बिम नंतर येतं.

एकदा कुणीही थांबेल. तोच माणूस दुसऱ्यांदा, दहाव्यांदा का थांबतो, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी तुम्हाला ओपीडीतलं एक काम जरा जवळून दाखवते. जेवण झालं असेल तर हा परिच्छेद थोड्या वेळाने वाचा.

पावसाळ्यात निम्म्या केसेस अळ्या पडलेल्या जखमांच्या असतात. भांडणात मानेला किंवा कानामागे चावा बसतो, तिथे जीभ पोचत नाही म्हणून कुत्र्याला चाटून साफ करता येत नाही, माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या वळवळायला लागतात. वरून रुपयाएवढं भोक दिसतं, आत मात्र मूठ जाईल एवढी पोकळी असते. वास असा की लोक दगड मारून हाकलतात, म्हणून जनावर गाडीखाली, गटाराच्या तोंडाशी, जिन्याखाली जाऊन बसतं. ते माझ्याकडे आलं की बँडेजपट्टीने तोंड बांधायचं, आणणाऱ्यालाच डोकं धरायला सांगायचं (आमच्याकडे जादा हात नसतात), औषधात भिजवलेला बोळा जखमेत दाबून ठेवायचा. श्वास कोंडला की अळ्या वर येतात. मग चिमट्याने एकेक काढून ट्रेमध्ये टाकायच्या. डोकं धरलेली मुलगी आधी तोंड फिरवते, दोन मिनिटांनी हळूच बघते, आणि थोड्या वेळाने तीच सांगायला लागते, "मॅडम, तिकडे कोपऱ्यात अजून एक आहे." जखम धुऊन स्प्रे मारून कुत्रं परत जातं. दोन दिवसांनी परत येतं तेव्हा जखम आतून गुलाबी भरत आलेली असते. आठवड्याभराने ते शेपूट हलवत स्वतःच दवाखान्याच्या पायऱ्या चढतं.

ही मुलगी आता गेली कामातून. तुमच्या शब्दांत, वेड लागलं.

माझ्या मते ओढ लागते ती या निकालाची. दुनियेतली बाकीची दुःखं माणसाच्या हातात मावत नाहीत. दुष्काळ, बेकारी, आईचं न सुटणारं दुखणं, ऑफिसातलं राजकारण: यात कितीही हात घातला तरी काही हललेलं दिसत नाही. मानेवरची जखम मात्र मावते. आठवड्याभरात, दोन हातांनी, चार पैशांत एक जीव मेलेल्याचा जिवंत होतो आणि तो आपल्या डोळ्यांदेखत होतो. आणि तो उपकार लक्षात ठेवा म्हणत नाही की "तुम्ही तेव्हा आला नाहीत" म्हणून टोमणा मारत नाही. तुमची मुलगी दिवसभर ज्या प्रोजेक्टवर काम करते, त्याचा शेवट तिने कधी पाहिला असेल का?

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती तुम्हाला सांगलीत बसून दिसायची नाही. एकटं माणूस नव्या शहरात येतं तेव्हा शेजारी नाव विचारत नाहीत, वॉचमन रोज बदलतो, रूममेट रात्रपाळीला असते. गल्लीतलं कुत्रं मात्र चौथ्या दिवशी ओळखतं. रात्री अकराला कॅबमधून उतरल्यावर गेटपासून जिन्यापर्यंत सोबत करतं. माझ्याकडे येणाऱ्या बाहेरगावच्या मुलामुलींपैकी कितीतरी जणांची सुरुवात अशीच एका पार्ले-जीच्या पुड्याने झालेली आहे. तेच कुत्रं एक दिवस लंगडत आलं तर ते "रस्त्यावरचं" उरलेलं नसतं.

शास्त्राचं थोडक्यात सांगते. मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की माणसाच्या मनात सांभाळायची ऊर्मी उठते, असं प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी 1943 मध्येच मांडलं होतं. पिल्लांना घरं पटकन मिळतात आणि म्हाताऱ्या कुत्रीला मिळत नाही, त्यातलं बरंचसं इथे आलं. जपानमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं रसायन ते हेच. हे सगळं खरं, पण गल्लीतल्या सगळ्यांचेच डोळे तेच कुत्रं बघतात आणि थांबते तुमची मुलगी, हे त्याने सुटत नाही.

आणि सात पिढ्यांत कुणी कुत्रं पाळलं नाही म्हणता, पण भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तुमच्या घरात नव्हते का? काशीहून कावडीने आणलेली गंगा तहानेल्या गाढवाच्या तोंडात ओतणारे एकनाथ? या गोष्टी मुलीने आजीच्या मांडीवर ऐकल्या असतील. आपण त्या मुलांना झोपवण्यासाठी सांगतो आणि एखादं मूल जागंच राहतं. एकनाथांच्या गोष्टीत मला एक गोष्ट फार नेमकी वाटते. त्यांनी तहानेल्या प्राण्यांसाठी काही योजना आखली नाही. जे गाढव वाटेत पुढ्यात आलं, त्याला पाणी पाजलं. ओढ अशीच लागते, एकाची आणि समोरच्याची.

आपल्या मुंबईला तर याचा मोठा इतिहास आहे. कंपनी सरकारने कुत्र्यामागे इनाम लावून मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा जून 1832 मध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले, दंगल झाली. पारशी धर्मात मृतदेहाला कुत्र्याची नजर पडण्याचा विधी आहे. कुत्रं त्यांना घरच्यासारखं. त्यानंतर दोनच वर्षांत, 1834 साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा राहिला. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय 1883 चं. तेव्हा हे आयटीतल्या मुलींचं नवं खूळ आहे, असं कुणी नातेवाईक म्हणाला तर त्याला ही सनावळी ऐकवा.

सगळेच चांगल्या कारणाने येतात असंही नाही. काही जण माणसांवर रागावून येतात. घटस्फोट, भावकीतली वाटणी, नोकरीतला अपमान. मग "माणसांपेक्षा कुत्री बरी" हे वाक्य. हे वाक्य ऐकलं की मी जरा सावध होते. असा माणूस कुत्र्याला छान सांभाळतो, पण शेजाऱ्याशी, पालिकेच्या माणसाशी, कुत्रं चावलेल्या मुलाच्या आईशी भांडतो, आणि त्या लोकांचा राग शेवटी त्याच गल्लीतल्या कुत्र्यांवर निघतो. काहींना कौतुक हवं असतं. रक्ताळलेल्या कुत्र्याचा व्हिडिओ आधी आणि रिक्षा नंतर. त्यांच्यावर मी फारसं रागवत नाही, कारण कौतुकासाठी आणलेलं कुत्रंही बरं होतंच. आणि ज्यांना कुणी रेस्क्यूअर म्हणत नाही असा एक मोठा वर्ग आहे: टपरीवाला, रात्रीचा वॉचमन, भाजीवाली मावशी, पुलाखाली कुत्र्यांना कुशीत घेऊन झोपणारी कचरा वेचणारी मुलं. शहरातली बहुतेक कुत्री यांच्या जिवावर जगतात.

आता या निकालाच्या ओढीची दुसरी बाजू. मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते हे.

भाद्रपदात कुत्र्यांचा माजाचा हंगाम असतो हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, प्रत्येक बांधकामाच्या वाळूत आणि प्रत्येक जिन्याखाली पिल्लं दिसायला लागतात. त्यांचं काय होतं? कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या 364 पिल्लांवर नजर ठेवली होती. 2016 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात वयात येईपर्यंत जगली ती सुमारे 19 टक्के, आणि मृत्यूंपैकी 63 टक्क्यांना माणूस कारण होता: गाड्या, विष, मारहाण, उचलून नेणं. म्हणजे डिसेंबरात तुमची मुलगी दोन पिल्लं वाचवते तेव्हा त्याच वस्तीत आठ मेलेली असतात आणि पुढच्या भाद्रपदात त्यांची आई पुन्हा माजावर येणार असते. (नामदेवांना ही काळजी नव्हती. त्यांच्या गोष्टीतल्या कुत्र्यात पांडुरंग निघाला, आमच्याकडच्या कुत्रीला आठ पिल्लं निघतात.)

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. पहाटे उजाडायच्या आत जाळी घेऊन कुत्री पकडणाऱ्या कॅचरबरोबर जायचं. कुत्री आपल्याला ओळखते म्हणूनच जवळ येते, आणि आपणच तिला दगा देऊन जाळ्यात घालायचं. उपाशी ठेवायचं, गर्भाशय काढायचं, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची, टाके भरेपर्यंत चार-पाच दिवस पिंजऱ्यात ठेवायचं आणि जिथून उचललं त्याच खांबापाशी नेऊन सोडायचं. प्राणी जन्म नियंत्रणाचे 2023 चे नियम हेच सांगतात. जागा बदलली तर जुन्या टोळीने सोडलेल्या जागेत बाहेरची, नसबंदी न झालेली कुत्री येतात आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून कुणी टाळ्या वाजवत नाही. कुत्री महिनाभर तुमच्याकडे संशयाने बघते. आणि या कामाचं फळ म्हणजे कार्तिकात जिन्याखाली काहीच नसणं. जे झालंच नाही त्याचा फोटो कसा काढणार?

म्हणून माझ्याकडे जखमी कुत्रं घेऊन येणारे खूप, आणि धडधाकट कुत्रीला नसबंदीसाठी आणणारे मोजके. निकालाच्या ओढीने आलेला माणूस हळूहळू दुसऱ्या कामाकडे वळला तर तो टिकतो. नाही वळला तर तो एका अपघातावरून दुसऱ्या अपघातावर धावत राहतो आणि तीन-चार वर्षांत पिंजून जातो. तुमची मुलगी कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखायचं असेल तर "किती वाचवलीस" असं विचारू नका, "तुमच्या गल्लीतल्या किती कुत्र्यांची नसबंदी झालीय" असं विचारा. ती आकडा आणि प्रत्येकीचं नाव सांगायला लागली, तर निर्धास्त राहा.

आजाराकडे जाणारी वाट म्हणाले ती अशी. काहींना दत्तक द्यायला येणारं प्रत्येक घर अपुरं वाटायला लागतं. हा फ्लॅटमध्ये राहतो, ती नोकरी करते, त्यांच्याकडे लहान मूल आहे. "माझ्याकडेच ती सुरक्षित." दोनाची सात होतात, सातांची वीस. दार उघडलं की मुताच्या उग्र वासाने डोळे झोंबतात, एकाला डिस्टेंपर हा संसर्गजन्य रोग झाला की सगळ्यांना होतो, आणि मदतीला गेलं तर दार उघडत नाहीत. मानसोपचारात साठवणुकीच्या विकारात याची नोंद आहे. खूण एवढीच बघायची: आकडा लपवला जातोय का, प्राणी बाहेर जायचे थांबलेत का, घरी यायला मज्जाव आहे का. पुण्याला न कळवता एक चक्कर टाकण्याचा सल्ला मी देणार नाही, तिला ते आवडणार नाही. कळवून जा, दोन दिवस राहा.

थकवा मात्र तिला येणारच. रात्री साडेअकराला फोन येतो, "इथे कुत्रं पडलंय, येऊन घेऊन जा." फोन करणाऱ्याच्या लेखी त्याचं कर्तव्य तिथे संपलेलं असतं. नाही म्हटलं तर "कसल्या तुम्ही प्राणिमित्र" हे ऐकून घ्यावं लागतं आणि हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशीची मीटिंग गेली. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सांगते की फोन करणाऱ्याला काम द्या: तुम्ही तिथे थांबा, रिक्षा बोलवा, मी दवाखान्यात भेटते. निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेल्या निम्म्यांमधून नवे हात मिळतात. महिन्याच्या खर्चाला पगाराच्या ठरावीक हिश्शाची मर्यादा घालायची आणि ती ओलांडायची वेळ आली की आसपासच्या लोकांकडे उघड मागायचं, हेही. स्वतःच्या खिशातून गुपचूप करणाऱ्यांचं कर्ज नंतर घरच्यांना फेडावं लागतं, हे मी पाहिलंय.

कायद्याची तुम्हाला धास्ती असेल तर: रस्त्यावरच्या कुत्र्याला खायला घालणं हा गुन्हा नाही, पण ठरवून दिलेल्या जागीच घालायचं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं होतं. 22 ऑगस्टला तो आदेश बदलून, नसबंदी आणि लस झालेली कुत्री रेबीजची किंवा आक्रमक नसतील तर मूळ जागी सोडावीत, आणि खायला घालायला जागा ठरवून द्याव्यात असं झालं. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. मुलीला सोसायटीशी भांडण्यापेक्षा कमिटीच्या मीटिंगला लसीकरणाचे कागद घेऊन जायला सांगा. कागद दाखवला की आवाज खाली येतात.

स्थळांचं म्हणाल तर तो माझा विषय नाही. एवढंच सांगते की जो मुलगा पहिल्या भेटीत नाक मुरडतो, तो लग्नानंतर मुरडण्यापेक्षा आत्ताच मुरडलेला बरा.

थांबवावं का, याचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल. पण एक काम तुम्हीच करा, कारण या मुली स्वतःसाठी ते करत नाहीत. तिने रेबीजच्या आधीच घ्यायच्या लशी घेतल्यात का, विचारा. तीन इंजेक्शनं असतात: पहिलं ज्या दिवशी घेतलं त्यानंतर सात दिवसांनी दुसरं आणि पहिल्यापासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी तिसरं. त्या घेतल्या असल्या तरी चावा किंवा ओरखडा झाल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्या दिवशी व त्यानंतर तीन दिवसांनी पुन्हा डोस घ्यायचा. आणि तिला माझा एक निरोप द्या. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाहीये असं कुत्रं दिसलं की सगळ्यांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि दयाळू माणूस तोंडात हात घालतो. रेबीजचं एक रूप हुबेहूब असंच दिसतं. त्यात कुत्रं चवताळत नाही, गरीबासारखं बसून राहतं. तिथे हात घालायचा नाही, पालिकेच्या पथकाला किंवा पशुवैद्याला बोलवायचं, आणि ते येईपर्यंत लोकांना लांब ठेवायचं. हात घालून झालेला असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय, सकाळची वाट बघायची नाही.